पुरात जगलेल्या जनावरांच्या मदतीचं काय? (सीनाकाठच्या गोठ्यातून)

सीनाकाठ · १७ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

आज वसुबारस. आईनं सवयीनं पाच जनावरांचं ताट केलं आणि गोठ्यात गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. ताट तसंच घेऊन परत आली. म्हणून आज लिहायला बसलोय.

आमचं गाव सीनेच्या काठावर. घटस्थापनेच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला पाणी आलं. नदीकडून येईल म्हणून आम्ही सगळे त्या अंगाला बघत होतो, आणि ओढा तुंबून पाणी मागच्या अंगानं गोठ्यात शिरलं. गोठा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण सखल जागेत. वडील विळा घेऊन पुढं, मी बॅटरी घेऊन मागं. दोराला बांधलेली जनावरं वाचली. दावी कापली की ती आपणहून बांधाकडं पोहत गेली. दोन एचएफ (जास्त दूध देणाऱ्या विदेशी जातीच्या) गायी मात्र साखळीला होत्या. त्या दोर चघळून तोडायच्या, म्हणून मीच गेल्या वर्षी बाजारातून साखळ्या आणलेल्या. हूक पाण्याखाली गेला होता. वडिलांनी दोनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा मी त्यांना जाऊ दिलं नाही, कमरेला धरून ओढत आणलं. गायी हंबरत होत्या ते ऐकू येत होतं.

गेलेलं: दोन दुभत्या गायी, एक गाभण कालवड, चार शेळ्या. एक गाय खुंट्यालाच होती. दुसरी खुंटा उपटून वाहून गेली, ती पाचव्या दिवशी दोन किलोमीटरवर उसात सापडली. ओळखू येत नव्हती, कानातल्या पिवळ्या टॅगवरून कळली. दुधाच्या अनुदानासाठी मागं टॅग मारून घेतले होते म्हणून निभावलं.

पंचनामा झाला. सरकारनं ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये आहेत. मिळतील अशी आशा आहे. दोन गायींचे ७५ हजार, कालवडीचे २०, शेळ्यांचे १६. एकूण एक लाख अकरा हजार. यातली एक गायच मी गेल्या वर्षी ९५ हजाराला घेतली होती, पण त्याबद्दल आज माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न जगलेल्या तीन जनावरांचा आहे. दोन गायी आणि एक पंढरपुरी म्हैस. ती चौदा तास छातीएवढ्या पाण्यात उभी होती. एका गायीला कासदाह झालाय, मागचे दोन सड दगडासारखे. दुसरीला खुरांत जखमा. कडब्याची गंज गेली, मुरघासाच्या (मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशव्या फुटून सडल्या. जगलेल्यांचं दूध सतरा लिटरवरून सातवर आलं. कडबा आज शंभर पेंढ्यांमागं तीन हजाराला घेतोय आणि तोही अर्धा ओला निघतो. पंचनाम्याच्या कागदावर ‘मृत जनावरांची संख्या’ हा रकाना आहे. आजारी किती, चाऱ्यावाचून किती, याला रकानाच नाही. मी विचारलं तर सांगितलं, ‘तुमची जिवंत आहेत ना, मग नशीब समजा.’

नशीब तर आहेच. पण ही तीन जनावरं या महिन्यात नीट सांभाळली नाहीत तर दोन महिन्यांत बाजार दाखवावा लागेल. हे कोणाच्या हिशेबात धरलेलं आहे का? अशी मदत कुठं मिळते का? माहीतगारांनी सांगावं.

---

डॉ_खिल्लार · १७ ऑक्टोबर, रात्री १०.२५

दादा, मी पशुवैद्यक आहे. पैशांचं नंतर बोलू, आधी गायीचं.

दगडी कास झालेल्या गायीचं दूध दिवसातून चार-पाच वेळा पूर्ण काढून टाका. ते दूध वासराला पाजू नका, जमिनीवरही सोडू नका. भांड्यात काढून खड्ड्यात पुरा. धार काढायला ती गाय सगळ्यात शेवटी घ्या, नाहीतर तुमच्याच हातानं दुसरीला लागण होईल. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि अर्धा तास तिला बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाकलीत की उभी राहते. प्रतिजैविक अर्धवट सोडू नका. गाठ आली त्याला तीन आठवडे होऊन गेले असतील तर एखादा सड कदाचित परत येणार नाही, हे मनाशी धरून ठेवा.

खुरांसाठी मोरचुदाचं पाणी, आणि उभं राहायला कोरडी जागा. मुरूम मिळाला तर तोच टाका.

ओल्या कडब्यावर काळी-हिरवी बुरशी दिसली तर ती पेंढी फेकाच. जीव तुटतो हे मला कळतं. पण बुरशीच्या विषानं गाभण म्हैस गाभडलेली मी पाहिली आहे.

आणि एक काम आजच करा. गोठ्यात जो डॉक्टर येतो त्याच्याकडून प्रत्येक जनावराचा केसपेपर घ्या, टॅगच्या बारा आकड्यांसकट. कशासाठी ते सवडीनं लिहितो.

---

निवृत्त_मंडळ_अधिकारी · १८ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

मी महसूल खात्यात बत्तीस वर्षं होतो. २०१९ चा दुष्काळ नोकरीत असतानाच पाहिला. नियम जसे आहेत तसे सांगतो.

ही मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. आपल्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. दर केंद्र ठरवतं. २०२२ पासूनचे दर: दुभती गाय-म्हैस ३७,५००; ओढकामाचा बैल ३२,०००; वासरू, गाढव, शिंगरू २०,०००; शेळी-मेंढी ४,०००; कोंबडी १०० रुपये. त्याआधी हेच ३०,०००, २५,०००, १६,००० आणि ३,००० होते. लम्पीच्या साथीत २०२२ साली गाय, बैल, वासरू यांना राज्यानं दिलेली मदत याच जुन्या दरानं होती.

एका कुटुंबाला तीन मोठी दुभती किंवा तीस लहान जनावरं अशी कमाल मर्यादा मूळ निकषात आहे. यंदाच्या पॅकेजमध्ये राज्यानं ती काढली. माझ्या मते या पॅकेजमधला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय.

सीनाकाठ, ‘जिवंत जनावरांसाठी काहीच नाही’ हे पूर्ण बरोबर नाही. त्याच निकषांत चारा छावणीतल्या मोठ्या जनावराला दिवसाला ८० रुपये आणि लहानाला ४५ रुपये चाऱ्यासाठी धरलेले आहेत. औषधं, लसी, पाणी, छावणीबाहेरच्या जनावरांसाठी चारा वाहून नेणं यांचीही तरतूद आहे. फक्त हा पैसा मालकाच्या हातात येत नाही. छावणी उघडली तर मिळतो. आणि छावणी उघडते ती दुष्काळात. पुरात फार कमी. पाणी चार दिवसांत ओसरतं, सगळ्यांना वाटतं संकट गेलं.

---

सीनाकाठ · १८ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

काका, मनापासून आभार. ही माहिती आम्हाला कोणीच दिली नव्हती. म्हणजे कागदावर माझ्या तीन जनावरांचे दिवसाला २४० रुपये आहेत. छावणी नाही म्हणून ते शून्य.

डॉक्टरसाहेब, सांगितलं तसं रात्रीपासूनच चालू केलं.

---

वाड्यावरचा · १८ ऑक्टोबर, दुपारी १.३०

आम्ही मेंढरावालं. पावसाळा सरला की वाडा (मेंढरं आन बिऱ्हाड) घेऊन कोकणाकडं उतरतो. मी मोबाइलवर बोलून लिहितोय, चूक असंल तर समजून घ्या.

डिसेंबर २०२१ चा पाऊस आठवतो का कुणाला? एक-दोन तारखेला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर ह्या पट्ट्यात हजारावर मेंढरं गारठून मेली. आम्ही त्याच पट्ट्यात होतो, उघड्या रानात. रात्रभर पाऊस, वर वारं. कातरणी होऊन फार दिस झालं नव्हतं, अंगावर लोकर नाही. पहाटं उठून बघतो तर एकाला एक चिकटून बसलेली आणि तशीच गेलेली. माझी त्रेचाळीस गेली, चुलत्याची सत्तर.

तवा मेंढराला तीन हजार होतं आणि तीसच्या वर न्हाई. म्हंजी त्रेचाळीसातली तेरा मेलीच न्हाईत म्हणायची.

पंचनामा करायला आलेल्या मानसानं पहिलं काय मागितलं, सातबारा. मी म्हणलं साहेब, जमीन असती तर मी रानोमाळ हिंडलो असतो का? मग म्हणं, तुमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात, तिकडं अर्ज करा. तिकडं गेलो तर म्हणं, मेलीत कुठं, तिथं करा. ह्या हेलपाट्यात दीड महिना गेला. मेंढरं पुरून टाकली होती, फोटू होते म्हणून शेवटी झालं, पण तीसचंच.

सीनाकाठ दादा, तुमचं म्हणनं बरोबर हाय. आमच्यात मेल्याली त्रेचाळीस दिसली. पण त्या गारठ्यानं किती गाभडली, किती करडं-कोकरं दुधावाचून पुढच्या पंधरा दिसात गेली, ती कुठंच मोजली न्हाईत.

---

निवृत्त_मंडळ_अधिकारी · १८ ऑक्टोबर, दुपारी ३.१५

@वाड्यावरचा, वाचून वाईट वाटलं. जनावराच्या मदतीला सातबारा लागू नये, कारण नुकसान जनावराचं आहे आणि जनावर जिथं मेलं तिथंच पंचनामा व्हायला हवा. ज्यानं तुम्हाला परत पाठवलं त्यानं चुकीचं केलं. मी नोकरीत असताना माझ्या हाताखालीही असं झालं असेल, आणि माझ्यापर्यंत आलं नसेल. त्याची जबाबदारी मी झटकत नाही.

---

अनुजा_कोथरूड · १८ ऑक्टोबर, रात्री ९.००

माझं माहेर शेतकरी, पण मी वीस वर्षं पुण्यात. दादा, साखळीचं वाचून झोप लागली नाही. एक विचारते, राग मानू नका. गाईंचा विमा नव्हता का? राष्ट्रीय पशुधन अभियानात आता मालकाला हप्त्याचा १५ टक्केच वाटा भरावा लागतो असं वाचलंय. तसं असेल तर सगळे का काढत नाहीत?

---

सीनाकाठ · १८ ऑक्टोबर, रात्री ९.३५

ताई, राग कशाला. ९५ हजाराच्या गायीचा विमा होता. कर्ज काढून घेतली होती, बँकेनंच काढून दिला. बाकीच्यांचा काढायचा म्हणून मी दोनदा विचारून आलो. एकदा सांगितलं योजना अजून आली नाही, एकदा सांगितलं उद्दिष्ट संपलं. सवलत नसेल तर पूर्ण हप्ता भरून चार जनावरांचा विमा मला झेपत नाही. आणि ज्या गायीचा होता तिचा ऑगस्टमध्ये संपला. नूतनीकरण राहिलं, ती चूक माझी. पोळ्याच्या खर्चात पुढं ढकललं.

---

माणदेशी_गडी · १९ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

छावणीचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१९ साली आम्ही घरातली माणसं आणि सात जनावरं मिळून साडेचार महिने छावणीत होतो. आई-वडील तिथंच राहायचे, पत्र्याच्या सावलीला चूल. आधी मोठ्या जनावराला ९० रुपये होते, मे महिन्यात १०० झाले, लहानाला ५०. केंद्राचा दर त्याहून कमी, वरचा भार राज्यानं घेतला होता.

छावण्यांत जनावरांचे आकडे फुगवल्याच्या तक्रारी झाल्या हे खरं. त्यावरून सगळ्या छावण्यांना नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की माझी सातच्या सात जनावरं जगली. २०१३ च्या उन्हाळ्यात छावणीला उशीर झाला तेव्हा आम्ही खिल्लार बैलजोडी मिळेल त्या भावाला दिली होती, आणि वडिलांनी पुढं वर्षभर बाजाराच्या गावाला पाय ठेवला नाही. जित्राबं जगली की घर पुन्हा उभं राहतं. मेलेल्याच्या पैशात नवं जनावर येत नाही, आणि आलं तरी ते लगेच रुळत नाही. सीनाकाठ भाऊ, तुमच्या धाग्याशी शंभर टक्के सहमत.

फक्त पुरात छावणी चालेल का, याची शंका वाटते. आजारी जनावरं एका जागी आणली तर साथ पसरेल. डॉक्टर सांगतील.

---

डॉ_खिल्लार · १९ ऑक्टोबर, दुपारी २.४५

बरोबर शंका आहे. पुरानंतर घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या साथींची भीती असते, लम्पी आहेच. अशा वेळी जनावरं गोळा करू नयेत. चारा गोठ्यापर्यंत गेला पाहिजे.

आता केसपेपर का मागितला ते. जनावराला टॅग मारला की ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्याची नोंद होते: मालक कोण, जात कोणती, लस कधी दिली, कृत्रिम रेतन कधी केलं, उपचार काय केले. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून तर टॅग नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही आणि नैसर्गिक आपत्तीत मेल्यास भरपाईही नाही, असा नियम आहे. म्हणजे कोणत्या गावात किती जनावरं आहेत आणि कुणाची आहेत हे सरकारला आधीच ठाऊक आहे. पुरानंतर आम्ही जे उपचार केले तेही टॅगनुसार नोंदवले जातात. जगलेल्या, आजारी जनावरांची यादी मुद्दाम करायची गरजच नाही, ती तयार असू शकते. ती मदतीच्या कामाला कुणी लावत नाही एवढंच.

दादा, तुमच्या कालवडीला रेतन आम्हा लोकांपैकी कुणी केलं असेल तर त्याची तारीख तिच्या टॅगवर असेल. वासरू म्हणून २० हजार लावले असतील तर ती नोंद काढून जोडा. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, पण ती सहा-सात महिन्यांची गाभण होती हे त्या कागदावर दिसेल.

---

अमरिलोहून · १९ ऑक्टोबर, रात्री ११.५०

नमस्कार. मूळचा लातूर जिल्ह्यातला, सध्या टेक्सासच्या उत्तर टोकाला जनावरांच्या खाद्याच्या धंद्यात आहे. धाग्यातला प्रश्न इथंही विचारला गेलाय आणि त्याचं काही अंशी उत्तर निघालंय, म्हणून लिहितो.

इथं दोन वेगळ्या योजना आहेत. मेलेल्या जनावरांसाठीची लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्राम: वादळ, पूर, वणवा यांत जनावर गेलं तर सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या भागात स्मोकहाउस क्रीक नावाचा वणवा लागला, दहा लाख एकरांहून जास्त रान जळालं, हजारो गुरं मेली. तेव्हा हीच योजना कामाला आली.

दुसरी जगलेल्यांसाठी. तिचं नाव लाइव्हस्टॉक फोरेज डिझास्टर प्रोग्राम. दुष्काळानं कुरण गेलं तर कळपाच्या महिन्याच्या चाराखर्चाच्या ६० टक्क्यांच्या हिशेबानं पैसे मिळतात, जनावर मेलेलं असायची गरज नाही. पंचनामाही नाही. देशाचा दुष्काळ-नकाशा दर आठवड्याला प्रसिद्ध होतो. आपली काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) त्यात तीव्र दुष्काळाच्या रंगात सलग आठ आठवडे राहिली की एक महिन्याचे, त्याहून गडद रंगात गेली की तीन किंवा चार महिन्यांचे पैसे, असा नियम बरीच वर्षं होता. २०२५ च्या कायद्यानं तो आणखी सैल केला.

आणि खास आणीबाणीची मदत. २०२३ आणि २०२४ च्या दुष्काळ-वणव्यांसाठी यंदा जवळजवळ एक अब्ज डॉलर वाटायला काढले. ज्यांनी त्या वर्षांत चाऱ्याच्या योजनेत अर्ज केला होता त्यांना नवा अर्ज करावाच लागला नाही. जुन्या नोंदींवरून रक्कम काढली. डॉक्टरांनी टॅगच्या नोंदीबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला हेच आठवलं.

इथं सगळं छान आहे असं मात्र समजू नका. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये साउथ डाकोटात अवेळी हिमवादळ झालं, हजारो गुरं गोठून मेली, आणि नेमकी तेव्हा मेलेल्या जनावरांसाठीची योजना मुदत संपून बंद पडलेली होती. पुढच्या वर्षी नवा कायदा झाला, त्यात मागच्या तारखेपासून मदत दिली, पण तोवर त्या लोकांनी एक अख्खा हिवाळा मदतीविना काढला. आणि ज्याच्याकडे कळपाची लेखी नोंद नाही त्याचे इथंही हाल होतात. इथला शेतकरी शेकडो एकरांचा धनी आहे, तीन जनावरांच्या गोठ्याशी त्याची बरोबरी करता येणार नाही. पण जगलेल्या जनावराचा चारा हेसुद्धा आपत्तीतलं नुकसान आहे, हे तत्त्व कायद्यात बसू शकतं, एवढं यातून घ्यावं.

---

ओतूरकर · २० ऑक्टोबर, सकाळी ९.१५

आमच्याकडं बिबट्याचा त्रास. बिबट्यानं शेळी मारली तर वनखातं बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातली कमी असेल ती रक्कम देतं. गाय-म्हशीला हीच मर्यादा ७० हजार. तीच शेळी पुरात गेली तर ४ हजार. शेळी तीच, बाजार तोच. मला हे कधीच समजलं नाही. निदान बाजारभावाशी सांगड हा एक चांगला नियम राज्याच्याच एका खात्यात आहे, तो दुसऱ्या खात्यानं का घेऊ नये?

---

निवृत्त_मंडळ_अधिकारी · २० ऑक्टोबर, सकाळी १०.४०

@ओतूरकर, निधी वेगळा आणि नियम वेगळे. आपत्तीचे दर केंद्राचे, वन्यप्राण्यांचे राज्याचे. राज्याला आपल्या तिजोरीतून वाढवून देता येतं, २०१९ च्या छावण्यांना दिलंच होतं.

कालपासून विचार करतोय. गावपातळीवर एक गोष्ट करण्यासारखी आहे. ग्रामसभा बोलवा. पुराच्या पाण्यात सापडलेल्या पण जगलेल्या प्रत्येक जनावराची यादी करा: टॅग क्रमांक, मालक, आजार, दूध पूर्वी किती आणि आता किती, चारा किती गेला. डॉक्टरांची सही घ्या. ठराव करून छावणीऐवजी त्याच ८० रुपयांच्या दरानं गोठ्यावर चारा पोचवण्याची मागणी तहसीलदारांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. छावणीबाहेरच्या जनावरांसाठी चारा वाहतुकीची तरतूद निकषात आहे, त्याचा उल्लेख करा. तोंडी बोललेलं फायलीत राहत नाही. मसुदा मी करून देतो.

---

कृष्णाकाठ_सांगली · २० ऑक्टोबर, रात्री ८.३०

२०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत म्हशी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर नेल्या होत्या, आठ दिवस. वैरण होडीतून यायची, कुठल्या कुठल्या गावांनी पाठवलेली. सीनाकाठ, उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) चालतील का? आमच्याकडं तोडी सुरू झाल्या की एक ट्रॉली भरून पाठवतो. गाव कुठलं ते निरोपातून कळवा.

---

सीनाकाठ · २० ऑक्टोबर, रात्री ८.५०

चालतील. नाही म्हणायची आमची परिस्थिती नाही दादा. कळवतो.

---

सीनाकाठ · २९ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ६.१५

सगळ्यांनी विचारलंय म्हणून एकदाच लिहितो.

दोन गायींचे ७५ हजार आणि शेळ्यांचे १६ हजार खात्यावर आले. कालवडीचं अडकलंय. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं रेतनाची नोंद काढली, तारीख १२ मार्च निघाली. म्हणजे पुराच्या रात्री सहा महिने उलटून गेले होते. तो कागद जोडून अर्ज दिलाय, पोच घेतली.

शेजारच्या आजींच्या म्हशीचं मात्र काहीच झालं नाही. वाहून गेली, सापडली नाही, टॅग नव्हता. आजी रोज विचारतात, तुझं आलं का, मग माझं कधी. मंडळ अधिकारी काकांनी त्यांच्यासाठी वेगळा अर्ज लिहून दिलाय, पाच शेजाऱ्यांच्या जबाबासकट.

ग्रामसभा झाली. वस्तीवरच्या दहा पोरांनी मिळून तीन दिवसांत यादी केली, पाण्यात सापडून जगलेली ६३ जनावरं निघाली. त्यातली नऊ तोवर विकली गेली होती. ठराव दिलाय, उत्तर अजून नाही. काकांचं म्हणणं, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्यायचं, दर वेळी पोच घ्यायची. आम्ही देणार.

सांगलीची वाढ्यांची ट्रॉली बारा तारखेला आली. सात गोठ्यांत वाटली. ड्रायव्हरनं भाडं घेतलं नाही.

म्हैस चार लिटरवर आलीय. कासदाहाच्या गायीचा एक सड वाचला, मागचा डावा गेला तो गेलाच. गोठ्याला मागच्या अंगानं एक दार पाडलंय, बांधाकडं तोंड करून. साखळ्या सगळ्या काढल्या. गाय दोर चघळते, आठ दिवसांत दोन तोडले. आई नवा वळून ठेवते.